भंगारातलं सागवान

आपल्या खोलीतलं टेबल एकदा उलटं करून बघा. (आधी त्यावरची मॅगीची भांडी आणि सबमिशनचे कागद उचला!) टेबल स्टीलचं असेल तर हा प्रयोग शेजारच्या खोलीत करा. फळीच्या कडेला भुसा दाबून बसवल्यासारखा दिसला आणि वरून लाकडी रेघांचा कागद चिकटवलेला असला, तर ते पार्टिकल बोर्ड. ते एकदा पाण्याने फुगलं की पुन्हा बसत नाही. स्क्रू एकदा ढिला झाला की भोकातून भुसाच बाहेर येतो. ते दुरुस्त होत नाही, फक्त टाकून देता येतं.

हे सगळं मला मागच्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं. वहिनीने घरी शिकवण्या सुरू केल्या होत्या आणि तिला टेबल हवं होतं. दुकानातलं टेबल साडेपाच हजारांचं आणि तेही वर सांगितलेल्या जातीचं. आमच्या सांगलीत जुनी घरं पाडली की त्यातलं सामान भंगारवाल्याकडे येतं. तिथे दादाला एक ड्रॉवरवालं टेबल १२०० रुपयांत मिळालं. काळं पडलेलं, चारही पाय डुगडुगणारे. बाबा म्हणाले, "हे घरात आणण्यापेक्षा बंबात घाला." बाबांचं सगळ्याच गोष्टींबद्दल असं मत असतं, त्यामुळे आम्ही पुढे गेलो.

जुनी वस्तू घेताना पहिली गोष्ट म्हणजे वरची चकाकी बघायची नाही. कडेला बघा. वरच्या रेघा फळीच्या टोकाशी तशाच खाली उतरत असतील तर लाकूड भरीव आहे. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि आतलं, न रंगवलेलं लाकूड बघा, तिथे कुणी लपवाछपवी केलेली नसते. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी ताजी भुकटी असेल तर आत कीड जिवंत आहे. सागाचा आतला गाभा वाळवी सहसा खात नाही, पण बाहेरचं फिकट लाकूड कीड आवडीने खाते. आणि 'बर्मा टीक आहे साहेब' हे प्रत्येक दुकानदार सांगतो, तेव्हा तिकडे लक्ष देऊ नका.

आता पाय का डुगडुगतात? फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी मॉर्टाइज अँड टेननचा जॉब घासला आहे (किंवा सीनियरकडून आणला आहे). एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची, एवढाच तो सांधा. गोम अशी की लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, पण ते रेघांच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सांध्यात एकाच्या रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे दर वर्षी दोघं दोन दिशांना ओढणार. मधला गोंद कितीही चांगला असला तरी तीस-चाळीस पावसाळ्यांनंतर तडकतो. त्यात कुणी खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत अभ्यास करत असेल तर सगळा मोमेंट मागच्या सांध्यावर येतो. होस्टेलमधल्या खुर्च्या कशा मरतात ते इथे लक्षात येईल.

अशा वेळी घरोघरी होणारा उपाय म्हणजे खिळा ठोकणे. कृपया ठोकू नका! खिळ्याने लाकूड चिरतं, चार महिन्यांत तोही हलायला लागतो, आणि नंतर सांधा उघडायचा म्हटलं तर तोच आडवा येतो. खरा उपाय सांधा पूर्ण उघडण्याचा आहे. जुन्या सुतारांनी सरस वापरलेला असतो. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं शिजवून केलेला गोंद. तो गरम पाण्याने मऊ होतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावर गुंडाळून ठेवा, मग लाकडी ठोकळा मध्ये धरून हलके ठोके द्या, की जीभ बाहेर येते. ज्याने टेबल केलं त्याने ते उघडायची सोयही ठेवली होती, हे मला फार आवडलं. (याच कारणाने ढेकणांवर उकळतं पाणी ओतणाऱ्यांनी जपून. लोखंडी कॉटला चालेल, सरस लावलेली लाकडी खुर्ची मात्र ढेकणांसकट सुटी होईल.)

परत जोडताना पुन्हा सरसच लावला तर तो जुन्या सरसालाही धरतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वापरायचा तर जुना सरस पूर्ण खरवडून उघडं लाकूड दिसायला हवं, नाहीतर पकड येत नाही. मी सरस आणला होता. तो एका भांड्यात गरम पाणी आणि त्यात दुसरं भांडं ठेवून, उकळू न देता पातळ करतात. पण आजीने नुसता वास घेतला आणि कशाचा आहे ते विचारलं. पुढचं सांगायला नको. एकादशी दोन दिवसांवर होती. तेव्हा खरवडणं आणि फेव्हिकॉल! क्लॅम्प नव्हता, म्हणून चारही पायांभोवती सुती दोरी बांधून मध्ये काठी घातली आणि पीळ देत आवळली. रात्रभर टेबल तसंच पडवीत होतं आणि सकाळी आईने त्यावर चकलीच्या भाजणीचं धान्य वाळत घातलं होतं.

पॉलिशबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. आधी ओळख पटवा. टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाने थोडं स्पिरिट लावा. जागा चिकट झाली तर ते लाखेचं फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही तर बहुधा अलीकडचं मेलामाईन किंवा पीयू, ते घासूनच काढावं लागतं. लाख हा एका किड्याने पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर सोडलेला राळेसारखा पदार्थ. झारखंडात त्याचं मोठं उत्पादन होतं. तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि स्पिरिट उडून गेलं की पातळ थर मागे राहतो. नवा थर जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून जुनं पॉलिश पूर्ण काढायची गरज नसते. नुसता मळ काढून वर नवे हात देता येतात. गरम कपाचे पांढरे गोल म्हणजे थरात अडकलेला ओलावा. स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा त्यावरून हलक्या हाताने फिरवला की बरेचदा ते जातात.

प्रमाण असं: एक लिटर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम चपडा लाख. झाकण लावून रात्रभर ठेवायची, मलमलच्या कापडातून गाळायची. कापसाचा बोळा मलमलमध्ये बांधून लांब, न थांबता हात मारायचे. एकाच जागी पुन्हा पुन्हा घासलं तर खालचा थर उचलला जातो. सहा महिन्यांपूर्वीचं तयार पॉलिश वापरू नका, ते वाळतच नाही. पावसाळ्यात करू नका, हवेतल्या ओलीने थर पांढुरका पडतो. आणि स्पिरिट हे इंधन आहे! गॅस, उदबत्ती, समई यांच्यापासून लांब, हवेशीर जागी. आजीने लाखेबद्दलही विचारलं. किड्याची आहे म्हटल्यावर ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "लाखेच्या बांगड्या चालतात की." प्रश्न मिटला. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरही हीच लाख असते, हे मी तिला सांगितलं नाही.

आता एक गोष्ट गंभीरपणे. दादाने टेबलाबरोबर दीड वर्षाच्या पुतणीसाठी एक छोटी खुर्चीही आणली होती. हिरव्या ऑइलपेंटची, पोपडे आलेली, फारच गोड. वहिनी तर हरखूनच गेली. पण भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, केशरी, हिरव्या ऑइलपेंटमध्ये, शिसं भरपूर असू शकतं. लहान मुलाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुतणी दिसेल ते तोंडात घालते. वरून नवा रंग दिला तरी ती कड चावणार. कोरडा पॉलिश पेपर मारला तर धूळ घरभर, आणि ज्योतीने रंग जाळला तर धूर.

यावर घरात चांगलाच वाद झाला. दादा म्हणाला, आपण सगळे असल्याच खुर्च्यांवर वाढलो. ते खरंच आहे, पण आपल्यात किती शिसं आहे हे कुणी मोजलंय? शिसं आहे की नाही ते डोळ्यांनी कळत नाही, एक्सआरएफ मशीनने कळतं. आपल्यापैकी कुणाला अशी लॅब वापरता येत असेल तर सरांना विचारून घरचा एखादा पोपडा तपासून बघा. आमची खुर्ची पिशवीत बांधून माळ्यावर ठेवली आहे. भंगारात परत दिली असती तर दुसऱ्या कुणाच्या तरी मुलासाठी गेली असती. वहिनी दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होती.

टेबलाचा सगळा खर्च, टेम्पोसकट, २२०० रुपये झाला. आता संध्याकाळी सहा मुलं त्याभोवती बसतात आणि बाबा सकाळी त्यावरच पेपर वाचतात, बंबाचा विषय काढत नाहीत. जुलैत वहिनीचा फोन आला की ड्रॉवर अडकतोय, सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ का? तुमच्याकडेही असं झालं तर रंधा मारू नका, थंडीत तोच ड्रॉवर खुळखुळा होतो. ड्रॉवर जिथे घासतो त्या कडांवर साधी मेणबत्ती घासा आणि दसऱ्यापर्यंत थांबा.