पुणे ते बंगळुरू: भाड्यातला ७,००० चा फरक साडेतेरा हजार कसा होतो?

दुसऱ्या राज्यातल्या नोकरीचं ऑफर लेटर ज्यांच्या फोनमध्ये येऊन पडलंय, आजचा भाग खास त्यांच्यासाठी. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा.

‘हातात १५,००० जास्त येतील, बंगळुरूला जाऊ का?’ असं कुणी विचारलं की मी आधी घराचं विचारतो. बहुतेक जण ॲपवर दोन्ही शहरांतली भाडी बघतात, वजाबाकी करतात आणि मोकळे होतात. पण राज्य बदललं की घर भाड्याने देण्याची रीतही बदलते. म्हणून नुसतं भाडं बघू नका. घर घेतल्यापासून सोडेपर्यंत खिशातून काय काय जातं, ते मोजा.

फरक कुठे पडतो?

पहिला फरक डिपॉझिटचा. पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्यावर काम होतं. बंगळुरूत पूर्वी दहा महिन्यांचं डिपॉझिट सर्रास घ्यायचे, आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा महिन्यांचं मागतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे खरी, पण तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केला तरच ती मर्यादा लागू होते.

दुसरा, मेंटेनन्स. पुण्यात तो बऱ्याचदा भाड्यातच धरलेला असतो, बंगळुरूत बहुतेक वेळा वेगळा. त्यात टँकरच्या पाण्याचा खर्च येतो का, हेही विचारा.

तिसरा, रंगकाम. घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची तिथे पद्धतच आहे.

आता हिशेब करू

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा पुण्यात भाडं १८,००० आणि बंगळुरूत २५,०००. दोन्हीकडे नवीन घर, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, मुक्काम ११ महिने.

बंगळुरू, दरमहा:
- भाडं: २५,०००
- मेंटेनन्स: ३,०००
- ब्रोकर (२५,००० भागिले ११): सुमारे २,२७०
- रंगकाम (तेवढंच): सुमारे २,२७०
- दीड लाख डिपॉझिटवर बुडालेलं व्याज, ७ टक्क्यांनी: ८७५
- एकूण: सुमारे ३३,४००

पुणे, दरमहा:
- भाडं, मेंटेनन्ससह: १८,०००
- ब्रोकर: सुमारे १,६४०
- ३६,००० डिपॉझिटवरचं व्याज: २१०
- एकूण: सुमारे १९,८५०

ॲपवर ७,००० दिसणारा फरक प्रत्यक्षात साडेतेरा हजारांच्या वर गेला. वाढलेल्या १५,००० मधले जेमतेम दीड हजार उरले. त्यात घरी यायचं तिकीट अजून धरलेलं नाही!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि ब्रोकर मिळून २ लाख रुपये नवीन कंपनीचा पहिला पगार व्हायच्या आत लागतात. डिपॉझिट परत मिळतं, मान्य. पण तोवर ते पैसे अडकलेले असतात. ते १४ टक्क्यांच्या पर्सनल लोनमधून आणले, तर वरचे ८७५ थेट १,७५० होतात.

मग जायचंच नाही का?

तसं नाही. हाच हिशेब तुमच्या बाजूने फिरवता येतो.

जास्त दिवस राहा. ब्रोकर आणि रंगकाम हे एकदाच होणारे खर्च. भाडं तेवढंच राहिलं असं धरून दोन वर्षं राहिलात, तर दोन शहरांतला फरक १२,००० च्या आसपास येतो.

घर शेअर करा. भाड्याबरोबर डिपॉझिट, ब्रोकर, रंगकाम सगळंच वाटलं जातं. पहिला महिना पीजीत काढून, ऑफिसचा रस्ता बघून मग घर ठरवा.

ऑफर स्वीकारायच्या आधी एचआरशी बोला. रिलोकेशनचे पैसे किंवा सुरुवातीचे पंधरा दिवस गेस्ट हाऊस मिळेल का, हे तेव्हाच विचारायचं. जॉइन झाल्यावर कोण ऐकतंय?

आणि करार नीट वाचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. बंगळुरूत ११ महिन्यांचा करार नुसत्या स्टॅम्प पेपरवर, नोंदणी न करता होणं नेहमीचं आहे. म्हणून डिपॉझिट बँकेतूनच द्या, रंगकामाचे किती कापणार तो आकडा करारात लिहून घ्या आणि सामान लावायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा.

जाहिरातीत ‘लीज’ दिसलं तर थांबा. तिथे लाखांत एकरकमी पैसे देऊन महिन्याचं भाडं न भरता राहायचं असतं. मालकाने रक्कम वेळेवर परत केली नाही, तर सगळी पुंजी अडकते.

नोकरीसाठी घर सोडताना फक्त पगार मोजू नका, नव्या शहरात महिनाअखेरीला हातात काय राहील ते मोजा. नोट्स उघडा, तुमचे आकडे टाका आणि मगच एचआरला ‘येस’ म्हणा. भेटू पुढच्या भागात!