जयपुरातील गळका नळ
1727 साली सवाई जयसिंहांनी वसविलेल्या जयपूर शहराची तहान एकेकाळी भागविणारा रामगढचा तलाव कोरडा पडल्यामुळे, आज तेथे टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटरांवरून, पाणी आणावे लागते. अशा शहरात सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी 86,400 थेंब मोरीत घालवितो, हे मला असह्य वाटते. दोष बहुधा रबरी वायसराचा असतो. मुख्य चावी बंद करून, आतले पाणी निथळू देऊन, पान्याने नळाचा वरचा भाग सोडवावा आणि झिजलेला वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवावा. तत्पूर्वी, विंधणविहिरीच्या जड पाण्याचे क्षार आत साचले असल्यास व्हिनेगरने निपटून काढावेत. वायसर जेथे टेकतो ती पितळी कडाच खाचली असेल, तर मात्र नवा नळ आणण्याची तजवीज करावी.