चेहरा ओळखीचा, अक्षर परके

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचा चहा झाला होता आणि आमचे दादा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र उघडून गॅलरीत बसले होते. चौतीस वर्षे त्यांनी शाळेत मराठी शिकवले. छापील मजकुरात चूक सापडली की लाल पेन्सिलीने खूण केल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि विचारले, "काय रे, हा पेपर आज कुठल्या भाषेत छापलाय?"

मी हसलो. दादा मात्र हसत नव्हते.

चष्मा पुसून पाहिला, पेपर उजेडात धरून पाहिला. अक्षरे दिसत होती, पण त्यांचा शब्द काही होईना. एरवी दादांचे बोलणे स्वच्छ होते. मला, सुनेला, दारातल्या दूधवाल्याला ते बरोबर ओळखत होते. मी कागद पुढे केला, तेव्हा त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले, 'आज मला वाचता येत नाही.' तोच कागद क्षणभराने त्यांच्या हाती दिला, तर स्वतःचे अक्षर त्यांना वाचता येईना!

मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या मागल्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. डॉक्टर म्हणाले, "हे दुखणे जुने आहे, वैद्यकाला परिचयाचे आहे." मग मीही वाचू लागलो.

१८८७ साली पॅरिसमधल्या एका सुशिक्षित गृहस्थावर अगदी हाच प्रसंग ओढवला होता. तो लिहू शके, पण लिहिलेले वाचू शकत नसे. १८९२ साली तो वारल्यावर ज्यूल देजेरीन या तज्ज्ञाने त्याचा मेंदू तपासला. डावीकडचे दृष्टिकेंद्र नष्ट झाले होते. उजवीकडचे केंद्र शाबूत होते, पण अक्षरांचा अर्थ लावणारी जागा पडली डावीकडे. आणि दोन्ही गोलार्धांना जोडणारा सेतू मागच्या टोकाशी तुटलेला! टपाल आले, पण पेठेत जायला पूलच नाही, अशी ती गत.

याच्या उलट दुखणेही आहे. योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने १९४७ साली अशा रुग्णांची हकीकत लिहिली, की ज्यांना माणसांचे चेहरेच ओळखता येत नसत. असा दोष बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूला, किंवा दोन्हीकडे, इजा झाल्याने उद्भवतो.

शब्द डावीकडे आणि चेहरे उजवीकडे, ही वाटणी केली कोणी? लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची. तिच्यासाठी निसर्गाने मेंदूत वेगळी खोली बांधली असणे शक्य नाही. बहुतेकांची वाणी डाव्या गोलार्धात नांदते. म्हणून वाचायला शिकताना अक्षरे तिच्या शेजारी बिऱ्हाड करतात. त्यामुळे चेहऱ्यांची ओळख उजवीकडे सरकते, असे काही शास्त्रज्ञ मानतात. मात्र ही वाटणी दोन भावांच्या वाटणीसारखी भिंत घालून झालेली नाही. थोडे काम दोन्हीकडे चालतेच.

मग अक्षरे चेहऱ्यांची जागा बळकावतात काय? या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी संशोधक लखनौजवळच्या खेड्यांत गेले. तेथील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वाचन जुनी जागा वापरते, पण चेहऱ्यांची ओळख पुसून टाकत नाही.

मला सर्वांत धीर दिला तो २०२२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने. असाध्य फेफऱ्यामुळे लहानपणीच ज्यांचा एक गोलार्ध शस्त्रक्रियेने काढला किंवा तोडला होता, अशा चाळीस जणांना शब्द आणि चेहरे ओळखायला दिले. उरलेला गोलार्ध डावा असो वा उजवा, तो दोन्ही कामे करीत होता. निरोगी माणसाइतकी चोख नव्हे, पण बऱ्यापैकी. अर्थात, कोवळा मेंदू वाकतो तसा दादांचा सत्तरीतला मेंदू वाकणार नव्हता, हे मी जाणून होतो.

दादांना दुखण्यापेक्षा लाज अधिक वाटे. त्या दिवाळीत नात अंक घेऊन आली. "आजोबा, गोष्ट वाचा ना!" दादा म्हणाले, "चष्मा सापडत नाही गं." चष्मा डोळ्यांवरच होता. पोर काही बोलली नाही. डॉक्टरांनी सुचवलेला उपाय तिने ऐकला होता. तिने आजोबांचे बोट धरले आणि मुखपृष्ठावरच्या मोठ्या अक्षरांवरून फिरवले. डोळ्यांची वाट बंद होती. पण हाताच्या वळणाची वाट मोकळी होती.

"दि... वा... ळी," दादा म्हणाले.

हजारो मुलांना ज्यांनी अक्षरे गिरवायला लावली, ते आज स्वतः गिरवीत वाचतात. दिवसाला चार ओळी होतात. हा लेख संपायला त्यांना पंधरवडा तरी लागेल; पण चूक सापडली, तर लाल पेन्सिल तयार आहे.