सॉकेट जुळले, तरी प्रोसेसर चालेलच असे नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स थांबली आणि अनेक छोट्या दवाखान्यांतल्या, पॅथॉलॉजी लॅबमधल्या संगणकांचा प्रश्न उभा राहिला. रुग्णांच्या नोंदी, रिपोर्ट, बिले सगळे त्यांवरच असते. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. सातव्या पिढीचे मशीन असलेल्या डॉक्टरांना मग वाटते, मदरबोर्ड राहू द्यावा, फक्त प्रोसेसर बदलावा. दोन्ही पिढ्यांचे सॉकेट एकच, एलजीए ११५१. मग अडचण कसली?

अडचण अशी, की नवा प्रोसेसर जागेवर नीट बसतो, पण संगणक सुरूच होत नाही.

रक्तगट जुळला तरी क्रॉसमॅच केल्याशिवाय पिशवी लावत नाहीत, तसेच हे आहे. प्रोसेसरच्या तळाशी ११५१ संपर्कबिंदू असतात. सहाव्या-सातव्या पिढीत त्यांतले काही राखीव होते. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीत त्यांपैकी काही वीजपुरवठ्यासाठी वापरले गेले. म्हणून त्या प्रोसेसरला ३०० मालिकेतला चिपसेट लागतो. १०० किंवा २०० मालिकेचे बोर्ड अधिकृतपणे चालत नाहीत. हौशी मंडळींनी बिंदूंवर चिकटपट्टी लावून आणि बायोस बदलून हे जमवलेही आहे. रुग्णांच्या नोंदी असलेल्या मशीनवर असले प्रयोग नकोत.

एएमडीची गोष्ट याच्या उलट. त्यांचे एएम४ सॉकेट पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत टिकले. तेही सरळपणे नाही. २०२० मध्ये कंपनीने ५००० मालिका फक्त नव्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल असे सांगितले, ग्राहक चिडल्यावर ४०० मालिकेलाही परवानगी दिली, आणि २०२२ मध्ये ३०० मालिकेपर्यंत दार उघडले. अट एकच, बायोस नवा हवा. बायोस म्हणजे बोर्डवरच्या छोट्या चिपमधला प्रोग्राम. समोरचा प्रोसेसर कोण, हे त्याला ओळखता आले पाहिजे. काही बोर्डांवर त्या चिपची जागा इतकी अपुरी पडली, की नव्यांना ओळखण्यासाठी काही जुन्या प्रोसेसरना यादीतून काढावे लागले.

तेव्हा पैसे मोजण्याआधी पाहायचे ते बोर्डचे नेमके नाव. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडले की बोर्डचे मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दोन्ही दिसतात. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची ‘सीपीयू सपोर्ट लिस्ट’ शोधायची. तिथे प्रत्येक प्रोसेसरपुढे तो कोणत्या बायोसपासून चालतो ते लिहिलेले असते. बोर्डवर ‘रिव्हिजन’ क्रमांक छापलेला असेल तर तोही जुळवावा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनच्या याद्या वेगळ्या असू शकतात. दुकानदाराच्या ‘चालेल हो’ पेक्षा ही यादी केव्हाही खरी. कंपनीने तयार विकलेल्या संगणकांचे बोर्ड बहुधा त्या मॉडेलसोबत विकलेले प्रोसेसरच ओळखतात. तिथे फारशी आशा ठेवू नये.

यादीत नाव सापडले, तर बायोस आधी बदलायचा, जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच. नवा बसवल्यावर पडदाच उजळला नाही, तर अपडेट कुठून करणार? काही बोर्डांना प्रोसेसरविना बायोस भरण्याचे बटण असते, सगळ्यांना नाही. अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून यूपीएस हवाच, आणि नोंदींची प्रत आदल्या दिवशीच वेगळ्या डिस्कवर घेतलेली बरी.

मशीन नुसते मंद असेल आणि आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर प्रोसेसरचा नाद सोडून आधी एसएसडी बसवून पाहावी. फरक बहुधा तिथेच पडतो. सातव्या पिढीच्या त्या मशीनला मात्र एसएसडीनेही विंडोज ११ च्या यादीत जागा मिळत नाही. तिथे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलावे लागतात.