सकाळचा पेला आणि साखरेचा हिशेब

अमेरिकेत सकाळी कामावर निघालेल्या माणसाच्या हातात कॉफीचा पेला असतो, हे दृश्य जगाला परिचित आहे. परंतु त्याच देशात, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, न्याहारीबरोबर थंडगार कोला घेणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. आपल्याकडे सोडा म्हणजे बिनगोडाचे फसफसते पाणी. तिकडे अनेक भागांत या शब्दाने कोलासारख्या गोड शीतपेयांचा निर्देश होतो. कॉफी की सोडा, ही निवड सामान्यतः रुचीची बाब मानली जाते. वस्तुतः तीत ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा एक प्रश्न दडलेला आहे.

सकाळच्या वेळी या दोन्ही पेयांचा ग्राहक मुख्यतः एकच वस्तू विकत घेत असतो, ती म्हणजे कॅफीन. थकव्याची आणि झोपेची जाणीव करून देणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या द्रव्याचा मेंदूवरील परिणाम कॅफीन रोखून धरते व तरतरी येते. रोजच्या सेवनाने शरीर त्यास सरावते आणि मग एखाद्या सकाळी ते न मिळाल्यास डोके दुखू लागते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, मागणी अलवचिक होते.

अशा मागणीवर बाजाराची नजर असावी, हे स्वाभाविकच आहे. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात कडाक्याच्या थंडीने कॉफीचे मळे करपले. नव्या झाडाला फळ धरण्यास तीन-चार वर्षे लागत असल्याने पुरवठा तातडीने वाढणे अशक्य होते. परिणामी १९७७ मध्ये कॉफीचा घाऊक भाव पौंडाला तीन डॉलरच्या वर गेला. अमेरिकेतील दरडोई कॉफीपान १९४६ नंतर उतरणीला लागलेलेच होते. १९७० च्या दशकात शीतपेयांनी त्यास मागे टाकले. पुढील दशकाच्या उत्तरार्धात कोका-कोलाने सकाळीही आपलेच पेय प्यावे असा प्रचार केला, तर पेप्सीने १९८९ मध्ये अधिक कॅफीन असलेली ‘पेप्सी ए.एम.’ काही शहरांत विक्रीस आणली. ती फार काळ टिकली नाही. सकाळची सवय जाहिरातीने सहजासहजी बदलत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

आता हिशेब पाहू. सुमारे २४० मिलिलिटर कॉफीत साधारणतः ९५ मिलिग्रॅम कॅफीन असते; ३५५ मिलिलिटरच्या कोलाच्या डब्यात सुमारे ३४. मात्र त्याच डब्यात ३९ ग्रॅम साखर असते. म्हणजे एका पेल्याइतकी तरतरी कोलातून मिळवावयाची, तर जवळजवळ तीन डबे आणि शंभर ग्रॅमहून अधिक साखर पोटात घालावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार, दिवसाला दोन हजार कॅलरी घेणाऱ्याने अशी साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी.

यावर दोन आक्षेप संभवतात. बिनसाखरेचा कोलाही मिळतो आणि कॉफीतही चार चमचे साखर घालणारे असतात. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तथापि कॉफीत चमचा पिणाऱ्याच्या हाती असतो. आज चार, उद्या तीन, महिन्याने दोन, असा संयम त्यास साधता येतो. डब्यातील साखर कारखान्यात ठरते. ग्राहकाने ती पत्करावी किंवा डबाच नाकारावा. मधला मार्ग नाही.

महाराष्ट्राची सकाळ आजही चहाची आहे आणि चहातही कॅफीन असतेच. म्हणून हा प्रश्न परका नाही. अनेक कचेऱ्यांत यंत्राची कळ दाबताच साखर घातलेलाच चहा पेल्यात पडतो. चहा-कॉफीच्या तयार मिश्रणांचा प्रसारही वाढत आहे. पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात; अशा अनेक पाकिटांवर पहिले नाव साखरेचे आढळते. म्हणजे पेय जुने राहिले, परंतु चमचा हातातून गेला.

वेळ वाचतो, हे खरे. पण त्या दोन मिनिटांची किंमत कोणत्याच पावतीवर लिहिलेली नसते. मधुमेह झालेल्या कारकुनास वा शिक्षकास ती पुढे औषधांच्या दुकानात मोजावी लागते. निदान कार्यालये आणि महाविद्यालये यांनी बिनसाखरेचा चहा देणारी कळ आणि शेजारी साखरेची बरणी ठेवणे अवघड नाही. आपल्या पेल्यात किती साखर पडावी हे ठरविण्याचा अधिकार लहान दिसतो. रोज सकाळी बजावावयाचा असल्यामुळेच तो मोलाचा आहे.