सेमिस्टर बिघडले, आर्थिक मदत थांबली. अपील कसे कराल?

अमेरिकेत केंद्र सरकारची शैक्षणिक मदत टिकवण्यासाठी अभ्यासात पुरेशी प्रगती दाखवावी लागते. अनेक कॉलेजांत त्यासाठी किमान २.० जीपीए आणि घेतलेल्या क्रेडिटपैकी सुमारे ६७ टक्के पूर्ण, अशी अट असते.

अपील केव्हा? आजारपण, दुखापत, नातेवाइकाचा मृत्यू किंवा तशीच विशेष अडचण असल्यास. मात्र कॉलेजच्या नियमांत अपिलाची सोय हवी.

काय लिहाल? केवळ दुःख सांगून भागत नाही. काय घडले आणि आता काय बदलले, हे दोन्ही लिहा. डॉक्टरांचे पत्र, मृत्यूचा दाखला जोडा.

मंजुरीनंतर? एका सत्रापुरती ‘प्रोबेशन’वर मदत मिळते. पुढे निकष गाठले किंवा ठरलेला अभ्यास आराखडा पाळला, तरच ती टिकते.

लक्षात ठेवा : एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांना ही मदत नसते, त्यांनी कॉलेज शिष्यवृत्तीचे नियम पाहावेत.