बंदिस्त कृत्रिम भिंतीवरील प्रस्तरारोहण स्पर्धा : आयोजनाचे स्वरूप आणि पूर्वतयारी

प्रास्ताविक

इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात १९६४ साली डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने विभागाच्या बोळातील भिंतीत खडकाचे तुकडे बसविले. विद्यार्थ्यांना कड्यापर्यंत न जाताही आरोहणाचा सराव करता यावा, एवढाच त्यामागील हेतू होता. कृत्रिम आरोहणभिंतींच्या इतिहासात या बोळाचा उल्लेख आवर्जून केला जातो. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये प्रथमच समाविष्ट झालेल्या या क्रीडाप्रकाराची एक मुळी अशा रीतीने विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागात रुजलेली आहे.

महाराष्ट्राला प्रस्तरारोहण नवे नाही. सह्याद्रीतील कडे आणि सुळके हे येथील आरोहकांचे पहिले विद्यालय होय. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरिविहार या संस्थेने पुढे २०१६ व २०१७ या दोन्ही वर्षी नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा आयोजित केल्या. कृत्रिम भिंत आता शहरांतील क्रीडा संकुले व मनोरंजन केंद्रे यांतूनही दिसू लागली असून, अशा केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या जिमखान्यात स्पर्धा भरविण्याचा विचार स्वाभाविकपणे पुढे येतो. मात्र आयोजकांसमोर नमुना असतो तो दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या जागतिक स्पर्धेचा. तो नमुना जसाच्या तसा उचलल्यास काय घडते आणि त्याऐवजी काय करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्पर्धेचा उगम आणि तिचे प्रकार

आरोहणात स्पर्धा असावी की नाही, हाच एके काळी वादाचा विषय होता. १९८५ मध्ये फ्रान्समधील १९ नामवंत आरोहकांनी स्पर्धेच्या कल्पनेला विरोध करणारा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इटलीतील बार्दोनेक्कियानजीक नैसर्गिक कड्यावर मोठी स्पर्धा झाली आणि विरोधकांपैकी काहींनी पुढे स्वतःच स्पर्धांत भाग घेतला. नैसर्गिक कड्यावर स्पर्धा घ्यायची म्हणजे खडकाशी छेडछाड आणि प्रेक्षकांच्या गर्दीने परिसराची हानी, हे लवकरच ध्यानात आले. त्यामुळे स्पर्धा कृत्रिम भिंतीकडे वळल्या. १९८९ मध्ये विश्वचषक मालिका सुरू झाली, तर १९९१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

आज या क्रीडाप्रकाराचे तीन प्रमुख प्रकार मानले जातात. लीडमध्ये आरोहक दोर सोबत घेऊन उंच भिंतीवर चढतो व ठरावीक वेळेत गाठलेल्या उंचीवर त्याचा क्रम ठरतो. स्पीडमध्ये १५ मीटर उंचीच्या, ५ अंश पुढे झुकलेल्या भिंतीवर जगभर एकच ठरलेला मार्ग असतो आणि तेथे लढत घड्याळाशी असते. बोल्डरिंगमध्ये भिंत सुमारे ४ ते साडेचार मीटर उंचीची असते. तेथे दोर नसतो, खाली जाड गाद्या असतात, आणि चढण्याच्या छोट्या पण अवघड कोड्यांना ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. मध्यम आकाराच्या केंद्राला यांपैकी बोल्डरिंगच बहुधा झेपते. त्यास दोर सांभाळणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींची फौज लागत नाही व एका वेळी अनेकांना भिंतीवर घेता येते. यापुढील विवेचन मुख्यतः त्याच प्रकाराबाबत आहे.

स्पर्धापद्धतीची निवड

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत प्रत्येक स्पर्धकाला पाच प्रॉब्लेम क्रमाने दिले जातात. प्रत्येकासाठी पाच मिनिटे आणि दोहोंच्या मधे पाच मिनिटे विश्रांती, असा हा क्रम असतो. आधीच्या स्पर्धकाचे आरोहण पुढच्याने पाहू नये म्हणून सर्वांना स्वतंत्र विलगीकरण कक्षात थांबविले जाते. श्रेष्ठ आरोहकांची पारख करण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु केंद्रातील स्पर्धेत ९० जणांनी नावे नोंदविली आहेत, असे समजून साधा हिशेब मांडून पाहावा. दर पाच मिनिटांनी एक स्पर्धक सुरुवात करील. शेवटच्या स्पर्धकाची पाळी ४४५ मिनिटांनी येईल आणि त्याचे पाच प्रॉब्लेम संपण्यास आणखी ४५ मिनिटे लागतील. एकूण ४९० मिनिटे, म्हणजे आठ तास दहा मिनिटे. या साऱ्या खटाटोपात प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीसमोरची फार तर २५ मिनिटे येतात. नवशिक्या विद्यार्थ्याला पहिल्या प्रॉब्लेमची सुरुवातच जमली नाही, तर चार तास कक्षात बसून तो रिकाम्या हाताने घरी जातो. पुढच्या वर्षी तो पुन्हा नाव नोंदवील, अशी अपेक्षा करणे कठीण.

याला पर्याय म्हणजे खुल्या सत्राची पद्धत. अमेरिकेतील आरोहण केंद्रांत व विद्यापीठांच्या मनोरंजन केंद्रांत ती विशेष रूढ आहे. भिंतीवर एकदम ३० ते ४० प्रॉब्लेम तयार ठेवले जातात, सोप्यापासून अतिकठीणापर्यंत. स्पर्धक सत्राच्या वेळेत आपल्या पसंतीचे प्रॉब्लेम, आपल्या पसंतीच्या क्रमाने, कितीही वेळा करून पाहतात आणि अखेरीस प्रत्येकाची सर्वोत्तम पाच किंवा सहा यशस्वी आरोहणे मोजली जातात. वरील ९० स्पर्धकांचे ३० जणांचे तीन गट करून प्रत्येक गटास १५० मिनिटांचे सत्र दिले व मधे २० मिनिटांची दोन मध्यंतरे ठेवली, तर एकूण वेळ पुन्हा ४९० मिनिटेच भरतो. फरक इतकाच, की आता प्रत्येकाला २५ ऐवजी १५० मिनिटे मिळतात. सभागृह तेच, दिवस तोच, आणि विद्यार्थ्याच्या पदरात सहापट आरोहण पडते.

स्पर्धेचा थरार पूर्णपणे गमवावा लागतो असेही नाही. प्रत्येक गटातील पहिल्या सहा जणांची छोटी अंतिम फेरी विलगीकरणासह संध्याकाळी घेता येते. तीन प्रॉब्लेम, प्रत्येकी चार मिनिटे व सहा स्पर्धक यांना एकापाठोपाठ ७२ मिनिटे लागतात. महिला व पुरुष शेजारच्या प्रॉब्लेमवर एकाच वेळी चढल्यास तेवढ्याच वेळात दोन्ही फेऱ्या आटोपतात. प्रेक्षकांना बोलावायचे ते याच वेळी.

मार्गरचना

स्पर्धेचा खरा कर्ता मार्गरचनाकार असतो, हे अनेक आयोजकांच्या गावीही नसते. पारितोषिके, फलक, उद्घाटन यांवर खर्च होतो आणि भिंतीवर कोणता होल्ड कोठे बसवायचा हे काम स्पर्धेच्या आदल्या रात्री कोणीतरी हौसेने उरकतो. अंदाजपत्रकात सर्वांत आधी तरतूद व्हावयास हवी ती याच कामाची. ४० प्रॉब्लेम रचण्यास चार-पाच अनुभवी रचनाकारांना दोन ते तीन पूर्ण दिवस लागतात आणि त्या काळात भिंत सभासदांसाठी बंद ठेवावी लागते. जुने होल्ड उतरवून धुणे हे काम त्याही आधीचे. चॉक व घाम यांनी गुळगुळीत झालेल्या होल्डवर कोणत्याच स्पर्धेचा निकाल न्याय्य ठरत नाही.

रचलेला प्रॉब्लेम दुसऱ्या व्यक्तीने चढून पाहणे अनिवार्य आहे. रचनाकार बहुधा तरुण, उंच व बलिष्ठ पुरुष असतात. त्यांचा हात जेथे सहज पोहोचतो तेथे पाच फूट उंचीची विद्यार्थिनी पोहोचेलच असे नाही. तिला तो प्रॉब्लेम कठीण वाटतो असे नव्हे, तिच्यासाठी तो अस्तित्वातच नसतो. म्हणून चाचणी घेणाऱ्यांत कमी उंचीची आणि शक्यतो एक महिला आरोहक असावी. मधे पाय ठेवण्यास एखादा लहान होल्ड वाढविला तरी पुष्कळदा प्रश्न सुटतो. असा होल्ड उंच स्पर्धकाच्या काही कामाचा नसतो, त्यामुळे काठिण्यही घटत नाही.

काठिण्याची वाटणी करताना आयोजकांचे लक्ष सहसा अवघड टोकाकडे असते. वस्तुतः एक तृतीयांश प्रॉब्लेम असे असावेत, की तीन-चार महिने सराव केलेल्या विद्यार्थ्याला ते दोन-चार प्रयत्नांत साधतील. अतिकठीण प्रॉब्लेम पाच-सहा पुरेत.

गुणांकन

आंतरराष्ट्रीय बोल्डरिंगमध्ये २०२५ च्या हंगामापासून प्रॉब्लेम पूर्ण केल्यास २५ गुण, मधला ठरावीक होल्ड म्हणजे ‘झोन’ गाठल्यास १० गुण आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नामागे ०.१ गुण वजा, अशी पद्धत स्वीकारण्यात आली. अंतिम फेरीसाठी ती सुटसुटीत आहे.

खुल्या सत्रात मात्र प्रत्येक प्रॉब्लेमचे मोल वेगळे असावे लागते. ते आधी ठरवून दिल्यास रचनाकाराचा अंदाज चुकण्याचा धोका राहतो. कठीण समजून मोठे गुण दिलेल्या प्रॉब्लेमला एखादा चाणाक्ष स्पर्धक आडवाट शोधून काढतो, मग त्याचे पाहून सारेच त्या वाटेने जातात आणि निकाल बिघडतो. यावर एक जुना व चतुर उपाय आहे. प्रत्येक प्रॉब्लेमला १००० गुण द्यावेत आणि त्या गटात तो जितक्यांनी पूर्ण केला तितक्यांत ते समान वाटावेत. ४० जणांनी पूर्ण केल्यास प्रत्येकी २५, चौघांनी केल्यास प्रत्येकी २५०, एकट्यानेच केल्यास त्याला पूर्ण १०००. काठिण्य असे स्पर्धकच ठरवितात आणि रचनाकाराची चूक आपोआप दुरुस्त होते. दोष एवढाच, की अखेरचे पत्रक जमा होईपर्यंत कोणाचेही गुण निश्चित नसतात. संगणकावर पत्रके भरणारी दक्ष व्यक्ती नसेल, तर या पद्धतीच्या वाटेस न जाणे बरे.

यशाची नोंद कोणी करावी, हाही प्रश्न आहे. प्रत्येक प्रॉब्लेमला पंच देणे शक्य नसते. म्हणून स्पर्धकाच्या पत्रकावर दोन सहस्पर्धकांनी साक्षीदार म्हणून सही करण्याची प्रथा आहे आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच विश्वसनीय ठरते, कारण आरोहक एकमेकांचे आरोहण बारकाईने पाहतात. तरीही वरच्या काठिण्याच्या प्रॉब्लेमजवळ पंच असावेतच. त्यांना नियम तोंडपाठ हवेत. सुरुवातीच्या होल्डवर शरीर स्थिर झाल्याखेरीज आरोहण सुरू झाले असे मानायचे नाही, आणि शेवटच्या होल्डवर दोन्ही हात नियंत्रणात आल्याखेरीज ते पूर्ण धरायचे नाही. होल्ड फिरला तर तो तांत्रिक बिघाड होय. स्पर्धकाचा प्रयत्न गणला जात नाही व त्याला पुन्हा संधी मिळते.

सुरक्षितता

खुल्या सत्राची एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. एकाच वेळी ३० जण भिंतीपाशी असतात आणि बोल्डरिंगमध्ये प्रत्येक अपयशाचा शेवट पडण्यात होतो. वरून पडणारा खाली उभ्या असलेल्यावर कोसळणे, हा येथील सर्वांत मोठा धोका. रचना करतानाच शेजारचे प्रॉब्लेम एकमेकांना छेदणार नाहीत, हे पाहावे लागते. गाद्यांवर रंगीत पट्टीने आरोहणाची हद्द आखून तिच्या आत एका पट्ट्यात एकच व्यक्ती, हा नियम पाळून घेणारे स्वयंसेवक नेमावेत. त्यांच्याकडे पत्रकाचे किंवा निवेदनाचे दुसरे काम देऊ नये. गाद्यांमधील फटी झाकलेल्या असाव्यात, कारण घोटा मुरगळतो तो बहुधा अशा फटीतच. पाण्याच्या बाटल्या, पिशव्या व भ्रमणध्वनी गादीवर नकोत.

पडावे कसे, हे शिकविण्यासाठी प्रत्येक सत्राच्या आरंभी दहा मिनिटे राखून ठेवावीत व ती सर्वांना सक्तीची असावीत. दोन्ही पायांवर उतरायचे, गुडघे वाकवायचे, पाठीवर लोळण घ्यायची आणि हात छातीशी धरायचे. मागे टेकविलेल्या हातावर भार येऊन मनगट व कोपर दुखावल्याची उदाहरणे विरळा नाहीत. बोटांच्या स्नायुबंधांची इजा अनुभवी आरोहकांत अधिक आढळते. ती टाळण्यासाठी शरीर तापविण्याची स्वतंत्र जागा लागते.

दोराच्या भिंतीचा वापर होणार असेल तर बिले देणाऱ्या व्यक्ती केंद्राच्याच असाव्यात, सहस्पर्धक नसाव्यात. हार्नेसची व आठच्या आकड्याच्या गाठीची तपासणी दुसऱ्याने केल्याशिवाय कोणीही जमीन सोडू नये. स्वयंचलित बिले यंत्राबाबतीत यंत्र बिघडण्यापेक्षा आरोहक त्याला स्वतःस जोडण्यास विसरणे, हा धोका मोठा. म्हणून प्रत्येक मार्गाच्या पायथ्याशी कापडी अडसर लावलेला असतो. यंत्राचा दुवा हाती घेतल्याशिवाय तो दूर होत नाही. भिंत इएन १२५७२ या युरोपीय मानकानुसार उभारलेली आहे काय आणि तिची शेवटची तपासणी केव्हा झाली, याची कागदपत्रे प्राध्यापक-प्रभारींनी मागून घ्यावीत. पालकांचे संमतीपत्र आवश्यक आहेच, पण निष्काळजीपणाची जबाबदारी त्याने पुसली जात नाही.

प्रथमोपचाराचे पथक, रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवणे, चॉकची धूळ बाहेर टाकणारे पंखे, महिलांसाठी स्वतंत्र कपडे बदलण्याची सोय, या गोष्टी कोणत्याही क्रीडास्पर्धेच्या यादीत असतात. त्यांचा येथे निर्देश पुरेसा आहे.

स्पर्धेनंतर

चार-पाच दिवसांच्या श्रमाने रचलेले प्रॉब्लेम दुसऱ्याच दिवशी उतरविणे हा अपव्यय होय. ते तीन-चार आठवडे तसेच ठेवल्यास स्पर्धेत न जमलेला प्रॉब्लेम पुन्हा करून पाहण्यासाठी विद्यार्थी केंद्रात येत राहतात. गुणपत्रकेही रद्दीत जाऊ नयेत. कोणता प्रॉब्लेम किती जणांनी पूर्ण केला, कोणता एकानेही नाही आणि कोणता केवळ उंच स्पर्धकांनाच साधला, याचा तक्ता करून रचनाकारांच्या हाती द्यावा. पुढील वर्षीची रचना त्यांनी त्या तक्त्यापासून सुरू करावी.